पाखरांची नोंद : शिवारातील एक राहून गेलेले काम

भात पसवू लागले की चौक आणि आसपासच्या गावांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक राखण आणि दुसरी तक्रार. "साहेब, पाखरे काही शिल्लक ठेवीत नाहीत," हे वाक्य भाद्रपदापासून कापणीपर्यंत प्रत्येक बांधावर ऐकू येते. पण कोणते पाखरू, किती, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. हा दोष केवळ शेतकरी बंधूंचा आहे असे नव्हे. आम्हां खात्यातील माणसांजवळ तरी हे उत्तर कुठे असते? पावसाची नोंद आम्ही मिलिमीटरपर्यंत ठेवतो. किडीची नोंद दर चूड किती तुडतुडे इथपर्यंत ठेवतो. पण जो जीव रोज सकाळ-संध्याकाळ पिकात उतरतो त्याची नोंद मात्र ठेवीत नाही. माझ्या मते ही उणीव लहान नाही आणि ती भरून काढणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या सहज आवाक्यातील काम आहे.

एक चूक

प्रथम माझीच एक चूक सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कशासाठी ते ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी एका गावात भातावर पाने गुंडाळणारी अळी दिसली. औषध फवारण्याइतका उपद्रव नव्हता. म्हणून मी हेक्टरी २० ते २५ पक्षी थांबे उभारण्याचा सल्ला दिला. बांबूचा दांडा आणि त्यावर आडवी काठी, एवढेच ते साधन. खर्च नाही आणि विषही नाही. थांब्यांवर कोतवाल व साळुंक्या येऊन बसू लागल्या, अळी आटोक्यात राहिली, आणि मी समाधानाने दुसऱ्या गावाला गेलो. पुढे भात दुधात आले तेव्हा त्याच थांब्यांवर मुनियांचे थवे बसू लागले. थांब्यावरून लोंबीवर आणि लोंबीवरून थांब्यावर असा त्यांचा दिवसभर क्रम चालला. कापणीच्या वेळी त्या खाचराच्या मालकाने मला शांतपणे सुनावले : "साहेब, अळी खायला पाखरू बोलवायचं सांगितलंत, पण जेवण झाल्यावर त्याला उठवायचं कधी, ते नाही सांगितलंत."

त्याचे म्हणणे बरोबर होते. पीक दाणे भरण्याच्या अवस्थेत येण्यापूर्वी थांबे काढून घ्यावयाचे असतात, ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. पण सांगावयाची राहिली. ती राहिली याचे खरे कारण असे की, थांब्यावर कोणता पक्षी बसतो हे मी एकदाही अर्धा तास उभा राहून पाहिले नव्हते. पाहिले असते तर ज्या दिवशी पहिला मुनिया बसला त्याच दिवशी काठ्या उपटल्या गेल्या असत्या.

शत्रू कोण, मित्र कोण?

'पाखरे पीक खातात' हे विधान 'माणसे चोरी करतात' या विधानासारखेच अर्धे खरे आणि अर्धे अन्यायाचे आहे. आपल्या खाचरांत उतरणारे सर्व पक्षी एकाच पंक्तीला बसत नाहीत. नांगरामागून आणि गुरांच्या पायांशी फिरणारा गायबगळा नाकतोडे व बेडूक टिपतो. तारेवर बसणारा कोतवाल उडते पतंग पकडतो. वेडा राघू उडते किडे खातो. त्यात मधमाश्याही येतात, हे मधपेट्या ठेवणाऱ्यांनी विसरू नये. कापशी घार आणि गव्हाणी घुबड यांचे मुख्य अन्न उंदीर होय. एक गव्हाणी घुबड रात्रीतून दोन-तीन उंदीर सहज संपविते आणि पिले असताना जोडीला याहून अधिक लागतात. तरीही घुबड दिसले की अशुभ म्हणून दगड मारणारे हात अजून कमी झालेले नाहीत. बांध पोखरणाऱ्या उंदरांसाठी पैसे खर्चून विष आणावयाचे आणि फुकट काम करणाऱ्या राखणदाराला हाकलावयाचे, हा कोणता हिशेब?

दुसऱ्या बाजूला मुनिया आणि पोपट यांच्यापासून दाण्याचे नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणकोंबड्या कोवळी आवणे उपटतात, हेही खरे. पण या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ पक्षी आहेत. सुगरणीचे उदाहरण घ्या. ती भाताचा दाणा खाते. पण पिलांना भरवताना किडेही आणते. याच सुगरणीचा अभ्यास डॉ. सालिम अली यांनी १९३० साली आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीम येथे केला. एक नर एकामागून एक घरटी विणतो व पसंत पडलेल्या घरट्यात मादी वस्तीस येते, हे त्यांनी पावसात तासन्‌तास बसून टिपले. त्या कामास शिडी, मचाण, वही आणि चिकाटी यांपलीकडे मोठे साधन लागले नाही. रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्यास ही गोष्ट अभिमानाची वाटावयास हवी.

न पाहता, न मोजता पक्ष्यांना शत्रू ठरविल्याचे परिणाम एका मोठ्या राष्ट्राने भोगलेले आहेत. १९५८ साली चीनमध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या कमी झाल्या तशी किडींची व टोळांची चलती झाली, आणि १९६० साली मारावयाच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. त्या काळच्या दुष्काळाला इतरही मोठी कारणे होती. पण चिमणी काय खाते हे आधी नीट तपासले असते तर निदान ही एक चूक टळली असती.

पायातील कडे काय सांगते?

पाखरांच्या नोंदीचे एक शास्त्रशुद्ध अंग म्हणजे त्यांच्या पायांत कडे घालणे. पक्षी बारीक जाळ्यात अलगद पकडावयाचा, त्याची जात, वजन व पंखाची लांबी नोंदवावयाची, पायात धातूचे हलके कडे बसवावयाचे आणि त्याला सोडून द्यावयाचे. कड्यावर क्रमांक आणि संस्थेचे नाव कोरलेले असते. तोच पक्षी पुढे कोठे सापडला व कोणी तो क्रमांक कळविला, म्हणजे तो कोठून कोठे गेला आणि किती वर्षे जगला हे कळते. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी पक्ष्यांना क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालून या पद्धतीचा पाया घातला.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा भागातील क्यासनूर जंगलात माकडे व माणसे यांना होणारा एक नवा ताप आढळला. तो गोचिडांमधून पसरतो असे दिसले. त्याचे विषाणू रशियाकडील एका रोगाच्या विषाणूंशी मिळतेजुळते असल्याने, स्थलांतर करणाऱ्या पाखरांबरोबर गोचीड तर येत नसतील ना, अशी शंका निघाली. यास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, आणि पुढील काळात भरतपूर, तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमियर इत्यादी ठिकाणी हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. म्हणजे हा अभ्यास कोणाच्या हौसेखातर सुरू झाला नव्हता. माणसांच्या आरोग्याचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

आता आपल्याकडे वळू. चौकच्या उशाशी धावरी नदीवर मोरबे धरण आहे. सुमारे १९१ दशलक्ष घनमीटर पाणी साठविणाऱ्या या जलाशयातून नवी मुंबईस पाणीपुरवठा होतो. याखेरीज भिलवले, कलोते, डोणवत असे लहान तलाव खालापूर तालुक्यात आहेत. खोल व उभ्या काठाच्या पाण्यावर पाखरे थोडी. जेथे काठ उथळ, चिखल उघडा आणि पाणवनस्पती आहेत तेथे ती अधिक, हा साधा नियम कोणालाही पडताळून पाहता येईल. अडई, हळदी-कुंकू बदक, पाणकावळा, बगळे व खंड्या हे आपले नेहमीचे रहिवासी. पावसाळा सरला की धोबी, तुतवार, माळभिंगरी व मासे पकडणारा कैकर हे दूरचे पाहुणे येतात. राखी धोबी तर दर हिवाळ्यात त्याच त्या जागेवर, कधी एखाद्या लहानशा बागेतही, परत येतो असे दिसून आले आहे. जो पक्षी हिमालयापलीकडून येऊन आपलेच अंगण ओळखतो, त्याच्याशी आपलीही थोडी ओळख असावयास नको काय?

एका दूरच्या धरणाची गोष्ट

धरण झाले की जमीन जाते, धंदा बदलतो आणि पक्ष्यांशी असलेले नातेही बदलते. नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या काठी असेच झाले. जमिनी पाण्याखाली गेलेले पुष्कळ लोक मासेमारी करू लागले. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे सैबेरिया व उत्तर चीनकडून आफ्रिकेस जाणारे अमूर ससाणे प्रचंड संख्येने उतरतात. लोक तीच मासळीची जाळी झाडांदरम्यान लावून ते पकडू लागले. २०१२ साली ही कत्तल जगापुढे आली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती व शेजारच्या गावांच्या पंचायतींनी शिकार बंद केली. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसवून त्यांना नागा, पांगती व वोखा अशी त्या भागातीलच नावे देण्यात आली. भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून सलग उड्डाण करीत ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेल्याचे गावकऱ्यांना कळले. हेच ससाणे हिवाळ्याच्या तोंडाशी लोणावळ्याच्या माथ्यावरूनही जातात, आणि त्यांचे मुख्य अन्न वाळवी व इतर किडे हे आहे.

या गोष्टीतून मला जे दिसते ते असे. ज्या गावाने पाण्यासाठी जमीन दिली त्या गावावर पाखरे राखण्याचा हुकूम बाहेरून सोडून भागत नाही. तेथील पंचायतींनी स्वतः ठरविले, आणि पाखराला गावाचे नाव मिळाले, तेव्हा ते पाखरू गावाचे झाले. मोरब्याच्या काठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्याही बाबतीत हेच लागू पडेल. रविवारी शहरातून दुर्बिणी व कॅमेरे घेऊन पुष्कळ मंडळी येतात. त्यांचे स्वागत असावे. पण त्यांनी खाचरे तुडवू नयेत, बांधावरून चालावे, छायाचित्रासाठी घरट्याची पाने दूर सारू नयेत, आणि जे पाहिले त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी, एवढे सांगण्याचा अधिकार गावाला आहे. पाणी शहराकडे गेले. निदान माहिती तरी गावात राहावी.

नोंदवहीचा प्रत्यक्ष उपयोग

'नोंद ठेवून दाणा वाचतो काय?' असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर गिधाडांच्या उदाहरणात आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी झालेली होती. म्हणूनच १९९० च्या दशकात ती झपाट्याने घटत असल्याचे डॉ. विभू प्रकाश यांच्यासारख्या संशोधकांना सिद्ध करता आले. गुरांना टोचण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याच्या मुळाशी असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही बंदी घालण्यात आली. गिधाडांस अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. पशुवैद्याकडे त्याचाच आग्रह धरावा. पहिली मोजणी नसती तर घट किती हे सांगता आले नसते आणि कारण शोधण्यास आणखी वर्षे गेली असती. मेलेली गुरे ओढ्याकाठी कुजत पडतात व त्यांवर कुत्री वाढतात, हे आपण आज पाहतोच.

यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील पद्धत अवलंबावी असे मी सुचवितो. एक शिवार व एक पाणवठा निवडावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सूर्योदयानंतर अर्धा तास तेथे उभे राहावे. वहीत सहा रकाने आखावेत : तारीख व वेळ, जागा, पिकाची अवस्था, पक्षी, संख्या, आणि तो काय करीत होता. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पक्ष्याचे पुस्तकी नाव ठाऊक नसेल तर गावातील नाव लिहावे. ठाकूर व कातकरी बंधूंना पाखरांची नावे, आवाज व येण्याजाण्याचे दिवस आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असतात. त्यांना बरोबर घ्यावे आणि त्यांचे श्रेय वहीत लिहावे. पावशाने 'पेरते व्हा' अशी पहिली हाक कोणत्या दिवशी दिली आणि नवरंग कोणत्या दिवशी दिसला, हे पावसाच्या आकड्याशेजारी दर वर्षी लिहून ठेवावे. दहा वर्षांनी त्या पानांची किंमत कळेल.

नुकसान मोजावयाचे असल्यास थवा पाहून अंदाज करू नये. भात पसवताच खाचराच्या कडेचे व मधले मिळून दहा चूड जाळीच्या तुकड्याने झाकावेत आणि शेजारचे दहा उघडे ठेवावेत. कापणीस दोहोंतील दाणे निरनिराळे मोजावेत. जो फरक येईल त्यात मुख्यतः पाखरांचा वाटा असतो. बाकी सारा भीतीचा. बहुधा कडेच्या ओळींत नुकसान अधिक आढळेल. तसे असल्यास चकाकणाऱ्या फिती व राखण त्या कडेलाच, दुधाळ अवस्थेच्या दिवसांतच द्यावी. संपूर्ण हंगाम ओरडत बसण्याचे कारण उरणार नाही. भातानंतर वाल करणाऱ्यांनी शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पक्षी थांबे अवश्य उभारावेत. मात्र त्यावर कोण बसते ते पाहत जावे.

विषाबाबत दोन शब्द. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष उघड्यावर टाकू नये. बिळात घालून बीळ बुजवावे. उघड्यावरील दाणा प्रथम पाखरेच टिपतात. रक्त गोठू न देणाऱ्या विषांनी मेलेले उंदीर घुबडाने खाल्ल्यास तेही मरते; म्हणून मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. फोरेटच्या दाणेदार औषधावर २०२० च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. कोणाच्या घरी जुना डबा पडून असेल तर तो वापरू नये.

कडे सापडल्यास

पायात कडे असलेले पाखरू पाहून काही लोक घाबरतात, तर काही ते कडे मुलांच्या दोऱ्यात ओवतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. पाखरू जिवंत असेल तर कडे न काढता त्यावरील सर्व अक्षरे व आकडे जसेच्या तसे लिहून घ्यावेत, मोबाईलवर छायाचित्र काढावे आणि त्यास लगेच सोडावे. तारीख, गाव व पाखरू कसे सापडले हे मुंबईस शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाऊस येथे सोसायटीकडे कळवावे. कडी घातलेल्या हजारो पक्ष्यांमागे फारच थोड्यांची खबर परत येते. म्हणून प्रत्येक पत्र मोलाचे. स्वतः पक्षी पकडून कडे घालण्याचा उत्साह मात्र कोणी करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यास परवानगी लागते, आणि शिक्षण नसलेल्या हातांत पक्षी दगावतो.

पाखरू मेलेले असेल, विशेषतः एकाच ठिकाणी अनेक मेलेली दिसली, तर उघड्या हाताने स्पर्श करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. कर्जत-खालापूर पट्ट्यात कुक्कुटपालन पुष्कळ आहे. तळ्याकाठची मेलेली बदके पाहणारा डोळा येथे खुराड्यातील कोंबड्यांचाही पहारेकरी ठरतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. ती वही एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांची व १२ तारीख डॉ. सालिम अली यांची जन्मतिथी होय. त्या सुमारास भाताची कापणी उरकत आलेली असते. त्या आठवड्यात ग्रामसभेपुढे वर्षाची पाखरांची वही वाचावी. कोठे किती नुकसान झाले आणि कोठे किती उपयोग झाला, हे सर्वांनी ऐकावे व पुढच्या हंगामाची राखण त्यावरून ठरवावी.

मला ज्या शेतकऱ्याने बोल लावला त्याच्या खाचरात पुढच्या वर्षी थांबे पुन्हा लागले. या खेपेस भात पोटरीत येताच ते त्यानेच काढले व मला निरोप पाठविला. तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे. आपणही या हंगामापासून एक वही सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.